शिगोशीग भरलेलं इंजिन

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझी बायको माहेरी गेली आणि परत येईना. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, कुणाची तब्येत बिघडली नव्हती. बिघडलं होतं ते सासऱ्यांच्या चक्कीचं इंजिन, आणि ते दुरुस्त झाल्याशिवाय मुलीला सासरी धाडायचं नाही असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. बुलढाण्याला कचेरीत हे कारण मी ज्याला ज्याला सांगितलं तो तो हसला. मला काही हसू येत नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. राज्य नवं, माझी कारकुनी नवी आणि लग्नही नवं. भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटा सकाळी खिचडी आणि संध्याकाळी सकाळचीच खिचडी खात होतो. बायको घरात सहा महिनेच राहिली होती, पण तेवढ्यात मला तिची इतकी सवय झाली होती, की रिकाम्या घरात कुलूप उघडून शिरणं जिवावर येई. मी स्वभावानं तापट आहे. कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांशी माझं वाजायचं. पण सासऱ्यावर तापून जावयाचा काय फायदा? गप्प बसलो आणि पत्रं लिहीत राहिलो. उत्तर एकच यायचं: इंजिन सुरू झालं की धाडतो.

आता इंजिनाचा आणि मुलीच्या पाठवणीचा संबंध काय, हे सांगायला हवं. पहिल्या दिवाळीहून मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत शिदोरी जाते. लाडू, शेवया, पापड आणि दोन-तीन तऱ्हांचं पीठ. सासरे बीबी गावाजवळच्या एका खेड्यात चक्कीवाले. पीठ आपल्याच चक्कीचं गेलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बीबीला दुसरी चक्की होती, पण तिचं नाव काढलं की ते तोंड फिरवून थुंकायचे. "चक्कीवाल्याची पोरगी दुसऱ्याच्या चक्कीचं पीठ घेऊन गेली, तं लोक मले काय म्हनतीन?" लोक काहीही म्हणणार नव्हते. पण त्यांना ते पटणारं नव्हतं.

शेवटी महिना होत आला तेव्हा मी चार दिवसांची रजा टाकली आणि बायकोला आणायला निघालो.

सासुरवाडीला पोचलो तर घरचे सगळे चक्कीतच होते. इंजिन बारा घोड्यांचं, काळं, उभं, दोन्ही अंगांना छातीएवढाली चाकं. धुराच्या नळीवर पत्र्याचा एक डबा बसवलेला. इंजिन सुरू झालं की तो पुक् पुक् वाजे आणि आसपासच्या तीन खेड्यांना कळे, की चक्की चालू आहे, दळण घेऊन चला. शेजारी पाण्याची मोठी टाकी. टाकीतलं पाणी नळीनं इंजिनाच्या पोटात जायचं, सिलिंडरभोवतीच्या पोकळीत फिरायचं आणि तापून परत टाकीत यायचं. ते कढत पाणी सासूबाई आणि शेजारणी बादल्या भरभरून न्यायच्या. गावात गरम पाण्यानं भांडी घासणारी तेवढीच एक आळी होती.

पण इंजिन हलायला लागलं होतं. आधी थोडं, मग पुष्कळ. पाडव्याच्या दिवशी हादऱ्यानं पायाचा बोल्ट तुटला आणि इंजिन दळता दळता हातभर पुढं सरकलं. सासऱ्यांनी ते बैलाच्या दोरानं खांबाला बांधलं. मग इंजिनाबरोबर खांब हलू लागला, खांबाबरोबर आढं, आणि पलीकडच्या घरातली मडक्यांची उतरंड खाली आली. तेव्हा कुठं त्यांनी कबूल केलं, की काहीतरी बिघडलं आहे.

मी पोचलो त्याच दिवशी खामगावहून मिस्त्री आला होता. कापसाच्या जिनिंगमधली मोठी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. त्यानं इंजिनाला कान लावला, हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून पाहिलं आणि मान हलवली.

"काका, याचं अंग गेलं. तुमच्याकडलं पानी खारं. आतून खाऊन खाऊन ब्लॉकची भिंत पापडावानी झाली. आत सिलिंडर थरथरून राह्यलं, म्हनून सारं इंजिन नाचते."

"मंग नवा ब्लॉक?" सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"नवा कायले? पोट भरा त्याचं." मिस्त्रीनं पोकळीचं वरचं तोंड उघडून दाखवलं. "सिमेंट अन् लोखंडाचा कीस कालवून बुडापासून निम्म्यापर्यंत ओता. वाळलं का दगडावानी एकजीव होते. खालून गच्च बसलं, की सिलिंडरची काय मजाल हलायची. पन निम्मंच, बरं का! वरच्या निम्म्यात पानी खेळलं पायजे. खरी आग तिथंच हाये."

पाणी आत घेणारं खालचं भोक त्यानं बंद केलं, वरच्या निम्म्यात नवं भोक पाडलं आणि त्याला लाकडी बूच ठोकलं. ज्वारीचा एक धांडा पोकळीत बुडापर्यंत घालून, निम्म्यावर चाकूनं खाच केली. "सिमेंट इथलोक आलं का थांबा. शेरानं मोजलं तं चार शेर होते. पुरं पोट आठ शेराचं हाये." जिनिंगचा हंगाम तोंडावर होता, त्याला दुपारची गाडी गाठायची होती. आठ दिवस इंजिनावर ओलं पोतं ठेवा, मग पाण्याच्या नळ्या जोडून सुरू करा, असं सांगून तो गेला.

आठ दिवस! मी मनातल्या मनात माझी चार दिवसांची रजा मोजली. पण निदान आठ दिवसांनी बायको मिळणार हे नक्की झालं, म्हणून मीही बाह्या सरसावून कामाला लागलो.

सिमेंट त्या काळी परमिटवर मिळायचं. नशिबानं मारुतीच्या पाराचं उरलेलं थोडं सिमेंट पंचांकडे होतं, ते मिळालं. लोखंडाचा कीस लोहारानं दिला. दोन्ही कोरडंच कालवून ढीग केला, आणि सासऱ्यांनी घरातला लोखंडी शेर आणला.

आता सासऱ्यांच्या मापाविषयी सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सरकारनं किलो आणि लिटर आणले होते, पण ते सरकारपाशीच राहिले होते. सासऱ्यांचा शेर, आणि तोही शिगोशीग. काठापर्यंत भरलेल्या मापावर आणखी टोकदार ढीग आला पाहिजे, पुढचा एक दाणा टाकला तर घरंगळला पाहिजे, तेव्हा तो शेर. काठाशी हात फिरवून सपाट माप देणारा माणूस त्यांच्या हिशेबी चोर. शिवाय खळ्यावरची त्यांची आणखी एक रीत होती. पहिला शेर देवाचा, तो मोजायचा नाही. शेवटचा शेर पाखरांचा, तोही मोजायचा नाही. उधारीनं ज्वारी न्यायला आलेला माणूस या रीतीपायी त्यांना दुवा देत जायचा. रीत चांगलीच होती. ज्वारीसाठी.

मला त्यांनी पोत्यावर बसवलं आणि हातात वही-पेन्सिल दिली. "जवाईबुवा, तुमी सरकारी मानूस. तुमी लिवा. मिस्त्रीनं चार सांगतले, चाराचे सव्वाचार नाही झाले पायजे."

त्यांनी शिगोशीग शेर भरून घमेल्यात टाकला. मी पेन्सिल टेकवली.

"हा नका लिवू. देवाचा हाये."

मी पेन्सिल उचलली. मग एक म्हणायच्या जागी ते "लाभ" म्हणाले, तो मी लिहिला. मग दोन, तीन, चार. आणि मग आणखी एक शेर, त्यावर शीग जरा जास्तच. "पाखरांचा," ते म्हणाले, आणि मी काही लिहिलं नाही. पाणी घालून कालवलं आणि गज खुपसत खुपसत आम्ही ते इंजिनाच्या पोटात ओतलं. वहीत मी नीट अक्षरात लिहिलं: सिमेंट, शेर चार. खाली सही केली. सवयच तशी.

सगळं आत गेल्यावर मी तोंडातून डोकावलं. राखाडी चिखल पार काठाला आला होता. बोट घातलं तर पहिलं पेरसुद्धा बुडेना.

"मामाजी, मिस्त्री निम्मं म्हणाला होता ना?"

"वहीत किती हाये?"

"चार."

"मंग?"

मंग काय? मी कारकून माणूस. वहीत चार असतील तर चारच. डोळ्यांनी आठ पाहिले असतील तर तो डोळ्यांचा दोष, डोळ्यांवर कुणाची सही नसते. तरी मनाला टोचणी लागली म्हणून मी तो खाच केलेला धांडा शोधायला गेलो. धांडा मी अंगणात भिंतीला टेकवून ठेवला होता. तिथं शेजाऱ्यांची बकरी उभी होती आणि तिच्या तोंडाबाहेर धांड्याचा वीतभर शेंडा होता. खाचेचा भाग तिनं आधीच खाल्ला होता.

परत आलो तेव्हा सासरे तोंडोतोंड भरलेल्या इंजिनाकडे मोठ्या समाधानानं पाहत होते. "कसं भरलं पाहा! त्या खामगाववाल्यानं भिऊन भिऊन निम्मं सांगतलं असन. बजारातले लोक हायेत, त्यांची सवयच उन्या मापाची." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. वाद घातला असता तर सगळं उकरून काढावं लागलं असतं, आणि माझी बायको पार होळीवर गेली असती.

मग आठ दिवस इंजिन ओल्या पोत्याखाली निजलं आणि मी ओसरीवर.

रजा वाढवायला साहेबांना अर्ज लिहिला: 'सासुरवाडीस प्रकृती अत्यंत गंभीर असल्याकारणाने.' कुणाची, ते लिहिलं नाही. साहेबांनी रजा मंजूर केली आणि वर 'काळजी घ्यावी' असा शेराही मारला. काळजी मी घेतच होतो. दिवसातून तीनदा जाऊन पोत्यावर पाणी मारायचो आणि हात ठेवून पाहायचो, वाळलं का. गावातली माणसं येता-जाता विचारायची, "काय जवाईबुवा, कसं हाये पेशंट?"

जावई म्हणून माझे लाड काही कमी झाले नाहीत. सकाळी शिरा, दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी, संध्याकाळी पुन्हा काहीतरी तुपातलं. पीठ तेवढं शेजारणीनं बीबीहून गुपचूप आणलेलं होतं, ते सासऱ्यांना माहीत नव्हतं. फक्त ज्या माणसासाठी मी आलो होतो त्या माणसाशी बोलायची सोय नव्हती. माहेरी मुलीनं नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं नाही, आणि त्या घरात सदा चारचौघं असायचीच. ती माजघरात, मी ओसरीवर, मध्ये सासूबाई. आठ दिवसांत ती माझ्याशी एकदाच बोलली. चहाचा ग्लास ठेवताना तिनं विचारलं, "साखर झाली का?" मी म्हणालो, "हो." त्यानंतर दोन दिवस मी स्वतःला शिव्या देत होतो, की कमी आहे म्हणालो असतो तर ती निदान साखर घेऊन परत आली असती.

सासूबाईंना मी आडून विचारून पाहिलं. "मले काय इचारता? त्यांले इचारा," त्या म्हणाल्या. सासऱ्यांना विचारलं, त्यांनी नुसता इंजिनाकडे हात केला. मग मी जाऊन पुन्हा पोत्यावर पाणी मारलं.

नवव्या दिवशी सकाळी मुहूर्त. नारळ फुटला, इंजिनाला हळद-कुंकू लागलं, माझ्याही कपाळाला लागलं. नवीन भोकाचं बूच काढलं तर मागं राखाडी भिंत. सासऱ्यांनी ती नखानं टोकरून पाहिली आणि खूश झाले. "लोखंड झालं हे, लोखंड!" त्या भिंतीवरच त्यांनी पाण्याची नळी आवळून बसवली. वरच्या तोंडावर दुसरी. दोघा दांडग्या गड्यांनी हँडल मारलं आणि डबा वाजू लागला. पुक्, पुक्, पुक्.

आणि इंजिन हललं नाही! मी आयुष्यात इतकं स्थिर इंजिन पाहिलेलं नाही. सासऱ्यांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास त्याच्यावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. लोक पुढं सरकून सरकून पाहू लागले. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की मी पुढच्या पोत्यावर आपटलो. "जवाईबुवा, आता पोरीले घेऊन जा! उद्याची गाडी पकडा!"

शिदोरीचे गहू चक्कीत पडले, पट्टा फिरू लागला, पांढरं पीठ पडू लागलं. मी माजघराच्या दाराकडे पाहिलं. ती तिथं उभी होती. माझा चेहरा पाहून तिनं हसू दाबलं आणि आत गेली.

मग सासूबाई नेहमीसारख्या बादली घेऊन आल्या. टाकीत हात घातला आणि म्हणाल्या, "अवो, पानी थंडं काऊन हाये?"

सासऱ्यांनीही हात घातला. मीही घातला. पाणी विहिरीतून नुकतं काढल्यासारखं गार होतं. सासऱ्यांचे डोळे चमकले. त्यांनी सगळ्यांना हाक मारली. "पाहा बे, या इकडं! पानी सुदीक तापवत नाही! पह्यले अर्ध्या घंट्यात हात घालू देत नव्हतं. आता तापतच नाही, इतकं मजबूत झालं!"

एकेक जण येऊन टाकीत हात घालू लागला आणि वा वा म्हणू लागला. मीही म्हणालो. तेवढ्यात रंग जळल्याचा वास आला. कुणीतरी म्हणालं, नवं काम आहे, वास येणारच. तेही पटलं. ग्लासातलं पाणी उकळायला लागलं तेव्हा मात्र सगळे दोन पावलं मागं सरकले.

पुक्... पुक्... डबा दम लागल्यासारखा वाजू लागला. एकदा मोठ्यानं करकरलं. चाकं जागच्या जागी थांबली, पट्टा उडाला आणि इंजिन बंद पडलं. दोघं गडी हँडलला लोंबकळले. मग चौघं. हँडल वाकलं, पण इंजिन तसूभर फिरलं नाही. अर्धे गहू दळून झाले होते, अर्धे तसेच वर राहिले.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच आला. त्यानं वरची नळी सोडली, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "किती शेर घातले?"

मी वही पुढं केली. सही दाखवली.

"चारात हे भरतच नाही, साहेब. हे तोंडोतोंड हाये."

मग सासऱ्यांनी सरळ मनानं सगळं सांगितलं. शीग सांगितली, देवाचा शेर सांगितला, पाखरांचा सांगितला. मिस्त्री ऐकता ऐकता हळूहळू खाली बसला. खामगावच्या बाजारात माप सपाट असतं, काठावरून पट्टी फिरवून. त्याचे चार म्हणजे ते चार. आमचे सहा, आणि सहांवर सहा शिगा.

"काका," तो म्हणाला, "देवाले इंजिनात काऊन घातलं? अन् सिमेंट कोनतं पाखरू खाते?"

कुणी हसलं नाही.

"आता हे उकरता येत नाही का?" मी विचारलं.

"कायनं उकरता? सिलिंडरमंदी दट्ट्या चिकटला, भोवतून लोखंडाचा दगड. हलत तं नाही ना? हलनारच नाही. साऱ्या वऱ्हाडात याच्याइतकं पक्कं इंजिन नाही." तो उठला. "नवा ब्लॉक पाहा लागन. मुंबईहून येते. दोन-तीन महिने धरून चाला."

तो जुना ब्लॉक पुढं चक्कीच्या दारात पुरला आणि त्याला बैल बांधू लागले. तेवढं काम त्यानं चोख केलं. पण त्या दिवशी सासरे त्याच्याशेजारी बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला उणं माप दिलं नव्हतं. त्यांची चूक काढायला माझी जीभ रेटेना. संध्याकाळी ते ओसरीवर आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जवाईबुवा, तुमी जा. तुमची नवकरी हाये. पोरीले होळीनंतर धाडतो. नवा ब्लॉक आला का."

रात्रभर मी तळमळलो. सकाळी ठरवलं, आता बोलायचंच. सासरे ओसरीवर, सासूबाई दारात, दोन शेजारी चहाला आलेले. मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि तोंडातून निघालं ते असं: "मामाजी, वरील सर्व परिस्थिती लक्षात घेता, आणि माझी रजा आज संपत असल्याकारणाने, सबब विनंती की..."

पुढचं आठवेना. कचेरीत 'सबब विनंती की' नंतर मजकूर साहेब सांगत. शेजाऱ्यांनी चहाच्या बशीत तोंडं लपवली. सासरे कोऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे पाहत राहिले. माझे कान तापले. एवढा तापट माणूस मी, आणि बायको मागायला मला चार शब्द सापडेनात.

तेवढ्यात माजघरातून ट्रंक ओढत आणल्याचा आवाज आला. बायको बाहेर आली. लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर, एका हातात ट्रंकेची कडी.

"बाबा, मी चालली," ती म्हणाली. "दोनची गाडी हाये."

"अन् पीठ?" सासऱ्यांना एवढंच सुचलं.

"जेवढं दळलं तेवढं द्या."

सासूबाईंनी डोळे पुसले, आणि मला वाटतं त्यांना आत कुठंतरी बरं वाटलं. सासरे उठले. त्यांनी पिठाची पिशवी आणली, तिच्या हातात दिली आणि बराच वेळ तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. "जळका वास येते थोडासा," ते म्हणाले. "चाळून घेजो." ती त्यांच्या पाया पडली. मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझेही डोळे भरून आले होते.

गाडी दोनची होती, सव्वातीनला आली. मागची जागा मिळाली. ट्रंक पायाशी, पिशवी तिच्या मांडीवर. मेहकर मागं पडलं. बायको मिळाली याचा आनंद होता आणि सकाळच्या फजितीची लाजही होती. शेवटी मी म्हणालो, "तू बाहेर आलीस म्हणून बरं झालं. नाहीतर मी आणखी दहा दिवस बसलो असतो."

"बसले असते तुमी," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "हौसच हाये तुमाले पोत्यावर पानी माराची."

"दुसरं काय करणार? इंजिन सुरू झाल्याशिवाय..."

तिनं मान वळवली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "महिनाभर पत्रं लिवली, सारी बाबाले. आले तं बाबाले इचारलं, मायले इचारलं, मिस्त्रीले इचारलं. त्या इंजिनालेही रोज तीनदा हात लावून इचारलं. मले इचारलं का एकदा? 'येतं का' म्हनून?"

"तुला विचारलं असतं तर?"

"पह्यल्याच दिवशी आली असती. मले कुठं पीठ पायजे होतं? माह्या तोंडानं कसं म्हनू, मले नवऱ्याकडं जायचं हाये? बापाघरी लेक असं म्हनते का? तुमी इचारलं असतं तं हो म्हनता आलं असतं ना!" तिनं पिशवीची गाठ करकचून आवळली. "मले वाटलं, तुमाले चक्कीचीच काळजी हाये."

एवढं सगळं मोजून-मापून, सह्या करून, रजा वाढवून मी ज्या एका माणसासाठी तिथं बसलो होतो, तिला सोडून बाकी सगळ्यांकडे अर्ज केला होता. मला माझी इतकी शरम वाटली, की गाडीतून उडी मारावी. मारली नाही. त्याऐवजी तिच्याकडे वळून, आजूबाजूला माणसं असतानाही, मी विचारलं, "घरी येतेस का?"

पुढच्या सीटवरच्या आजींनी मागं वळून पाहिलं. बायकोनं पदर सावरला. "आता इचारता? तिकीट काढल्यावर?"

"हो. आता."

"पाहतो," ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

चिखली आलं, गेलं. तिनं काही सांगितलं नाही. बुलढाणा जवळ आलं, अंधार पडायला आला, तरी सांगितलं नाही. गाडी बुलढाण्याला थांबली, माणसं उतरू लागली, आणि मी ट्रंक पायाशी धरून जागीच बसून राहिलो. खरोखर भीती वाटत होती. कंडक्टर ओरडला. ती उठली, पिठाची पिशवी कडेवर घेतली, दोन पायऱ्या खाली उतरली आणि वळून म्हणाली, "हो. येतो म्हनलं. उतरा आता."